लेखकाचं घर राखायचंय? गोव्यात सरकारी निधीपर्यंत पोचायची वाट

"फोटू जायते काडले रे, कौलां केन्ना घालतले?" (फोटो पुष्कळ काढलेत रे, कौलं कधी घालणार?)

काकींनी हे विचारलं तेव्हा आमची फाइल तीन कार्यालयं फिरून परत आली होती आणि माजघरात गळतीखाली दोन बादल्या लावलेल्या होत्या. काकी म्हणजे त्या लेखकाची धाकटी सून. वय पंचाहत्तरीच्या पुढे, एवढ्या मोठ्या घरात एकट्या. फोंडा तालुक्यातल्या या घरासाठी आम्ही काही जण चार वर्षं खटपट करतो आहोत. वारसांची बोलणी अजून पुरी झालेली नाहीत, म्हणून घराचं आणि लेखकाचं नाव इथे देत नाही. आमची बरीच वर्षं उलट्या क्रमाने चालण्यात गेली. तशी तुमची जाऊ नयेत, यासाठी हे लिहितो आहे.

गोव्यात गावागणिक लेखक झाले. बोरी म्हटलं की बाकीबाब, म्हणजे कवी बा. भ. बोरकर, आठवतात, प्रियोळ म्हटलं की रवींद्र केळेकर. सावई-वेरेला लक्ष्मणराव सरदेसाई, सत्तरीतल्या आंबेड्याला महादेवशास्त्री जोशी, सांखवाळला धर्मानंद कोसंबी. अशा एखाद्या घरावर तुमचं मन बसलं असेल, तर सगळ्यात आधी लक्षात ठेवायचं ते हे: पैसा शेवटी येतो. त्याच्या आधी घर कुणाचं हे कागदावर सुटावं लागतं आणि तोवर घर पावसात उभं राहावं लागतं.

पहिली पायरी: मिरगाच्या आधी छप्पर

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. निधीची फाइल दोन-तीन पावसाळे सहज खाते. तेवढ्यात छप्पर कोसळलं तर राखायला काही उरत नाही. म्हणून अर्ज लिहायच्या आधी शिडी लावा.

एखाद्या जोरदार सरीनंतर माळ्यावर चढा. पाणी कुठून येतं तिथे खडूने खूण करा. मग वाश्यांची टोकं तपासा, विशेषतः वासा भिंतीवर टेकतो ती जागा. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच आत शिरतात. आमच्या घरात सुताराने एका वाश्याच्या टोकात पेचकस दाबला, तो पिकल्या फणसात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. खालून पाहिलं तर तोच वासा अगदी ठणठणीत दिसत होता. असे वासे मोजा, नकाशावर क्रमांक घाला आणि त्यांना तात्पुरते टेकू द्या. फुटकी कौलं बदला. ताडपत्री घालायची वेळ आलीच तर हवा खेळायला फट ठेवा. सगळं गच्च बांधलं तर आतल्या दमटपणात लाकूड आणखी लवकर जातं.

जुनी कौलं टाकून देऊ नका. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर किनारपट्टीभर ही कौलं पसरली. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं आणि छप्पर साधारण कधीचं हे त्यावरून कळायला मदत होते. नळ्यांची कौलं सापडली तर ती त्याहून जुनी पद्धत. प्रत्येक प्रकारातली चार-पाच कौलं खूण करून बाजूला ठेवा.

हे काम वर्गणीतून होतं. पंचायतीला लेखी कळवून करा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. पुढे 'संस्थेचा स्वतःचा वाटा किती' असं विचारतात तेव्हा याच पावत्या कामाला येतात.

दुसरी पायरी: घर कुणाचं?

आमचा पहिला अर्ज फोटो, कात्रणं आणि चार मान्यवरांच्या पत्रांसह गेला होता. एका ओळीचं उत्तर आलं: अर्जदाराचा मिळकतीशी संबंध काय? मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, प्रश्न रास्त होता. लोकांचा पैसा एखाद्याच्या खाजगी भिंतीवर घातला आणि उद्या त्याने घर विकलं, तर त्या पैशाचं काय? या प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर तुमच्या हातात असेल, तरच पुढचं दार उघडतं.

सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून करा, हा गोव्यातला जमिनीचा उतारा. शहरी भाग असेल तर सिटी सर्व्हेचा फॉर्म डी. उताऱ्यावर बहुधा आजोबा-पणजोबांचं नाव निघतं. घरपट्टीची पावती जवळ ठेवा, पण तिने मालकी सिद्ध होत नाही. पोर्तुगीज काळातली नोंद, म्हणजे मात्रीज (कराची जुनी नोंद) आणि नोंदणी कार्यालयातलं वर्णन, मिळाली तर घराचं वय आणि सीमा दोन्हींना आधार मिळतो. जमीन घराच्या मालकाचीच आहे असंही गृहीत धरू नका. फोंड्याच्या बाजूला घर एकाचं आणि जमीन देवस्थानाची, कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची) किंवा भाटकाराची (जमीनमालकाची), हे नेहमीचं. लेखकाचं कुटुंब मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारं, असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली घराची जागा विकत घेण्याची प्रक्रिया आधी पुरी करावी लागेल. घराच्या आवारात दुसरं कुणी मुंडकार राहत असेल तर त्याचा हक्क तुमच्या प्रकल्पाने जात नाही, आणि जाऊही नये.

मग येतात वारस. मुंबई-पुण्याहून गोव्यात आलेल्यांना इथला कायदा चकवतो. गोव्यात कुटुंबाच्या बाबतीत पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे, आणि आता वारसा व इन्व्हेंटरी (न्यायालयामार्फत मिळकतीची यादी आणि वाटणी) यांसाठी २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते. म्हणजे आठ वारस असतील तर सह्या सोळा लागतील असं धरून चाला. आईबापांना आपल्या मिळकतीचा अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो, उरलेला अर्धा कायद्याने वारसांचा. तेव्हा एखाद्या आजोबांनी भावनेच्या भरात "घर संस्थेला दिलं" असं लिहून दिलं, तरी नंतर वारस ते कोर्टात खेचू शकतात. वाद नसेल तर विशेष नोटरीकडे वारसा दस्त होतो. जुनी माणसं त्याला अजून हाबिलितासांव म्हणतात. वाद असेल किंवा वाटणीच करायची असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी.

ही कामं वकिलाची. पण वारसांना भेटायचं काम तुमचं, आणि ते वकिलावर सोडू नका. आम्ही मडगाव, दादर, बेळगाव असे फिरलो. लिस्बनच्या नातीशी व्हिडिओवर बोललो. बहुतेकांना पैसा नको होता. त्यांना भीती होती ती वेगळीच: काकींना घराबाहेर काढतील का? देवघरात परकी माणसं चपला घालून शिरतील का? ही भीती मनात असेतो कुणी सही करत नाही. म्हणून कराराच्या मसुद्यात पहिलं कलम आम्ही हेच घातलं. घराची मागची बाजू, देवघर, रांदची कूड (स्वयंपाकघर) आणि विहीर कुटुंबाकडे राहणार; ओसरी, सालो (दिवाणखाना) आणि लेखकाची खोली लोकांसाठी. त्यानंतर बोलणी पुढे सरकली.

दान, सरकारला विक्री आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असे तीन मार्ग आहेत. माझं मत भाडेपट्ट्याच्या बाजूने. मालकी कुटुंबाकडेच राहते आणि सरकारलाही तीस वर्षांची हमी मिळते. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, साध्या स्टँप पेपरवरचा चालत नाही.

तिसरी पायरी: संस्था

व्यक्तीला अनुदान मिळणं जवळपास अशक्य. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात माणसं मिळून संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रातल्यासारखं धर्मादाय आयुक्ताचं कार्यालय गोव्यात नाही, त्यामुळे तिकडचे नमुने इथे जसेच्या तसे वापरू नका. पॅन, बँक खातं, दरवर्षीचं ऑडिट, आयकर खात्याकडची धर्मादाय संस्थेची आणि देणगी-सवलतीची नोंदणी, केंद्राच्या योजनांसाठी एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, एवढं लागेल. बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांचे तपासलेले हिशेब मागतात. म्हणून वारसांची बोलणी अर्ध्यावर असली तरी संस्था आजच नोंदवा, म्हणजे तिची वर्षं मोजायला लागतात. कार्यकारिणीत कुटुंबातलं एक माणूस घ्याच.

चौथी पायरी: हेच घर का?

लेखक मोठा, एवढं पुरत नाही. या घराशी त्याचं लेखन कसं जोडलेलं आहे ते दाखवावं लागतं: इथे कोणती वर्षं राहिला, काय लिहिलं, कोण भेटायला येत असत. पत्रांवरचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का हा उत्तम पुरावा. पणजीचं पुराभिलेखागार आणि पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय इथे आठवडाभर बसा. ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे आणि जुनी नियतकालिकं तिथे पाहायला मिळतात. घरातल्या वह्या-हस्तलिखितांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या कपाटात सुती कापडात ठेवा आणि आधी छायाचित्रं काढून यादी करा. ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं असतील तर त्यांच्यासाठी केंद्राचं वेगळं काम चालतं, ती फाइल घराच्या फाइलीत मिसळू नका.

आणि भाषेचा प्रश्न. आपल्याकडे तो टाळून चालत नाही. म्हैसूरला आर. के. नारायण यांच्या यादवगिरीतल्या घराचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये ते पाडायला घेतलं होतं. लोकांनी आवाज उठवल्यावर पाडकाम थांबलं, तिथल्या नगर विकास प्राधिकरणाने दोन कोटींहून अधिक रुपये मोजून घर घेतलं, दुरुस्ती झाली आणि २०१६ मध्ये संग्रहालय उघडलं. मधल्या काळात काही कन्नड लेखकांनी हरकत घेतली की इंग्रजीत लिहिणाऱ्यावर लोकांचा पैसा कशाला? गोव्यात असा प्रश्न मराठी-कोंकणीच्या रूपाने येणार. बाकीबाब दोन्ही भाषांत लिहीत. घर कुठल्या भाषेचं म्हणायचं? माझी मनापासून विनंती आहे की दोन्ही बाजूंकडे पहिल्याच महिन्यात जा. गोमंतक मराठी अकादमी आणि गोवा कोंकणी अकादमी, दोघांचंही पाठिंब्याचं पत्र फाइलीत असू द्या. फलक दोन्ही भाषांत करू असं आधीच लिहून द्या.

ग्रामसभेचा ठराव विसरू नका. नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरातल्या रविवारी असतात. आयत्या वेळी उभं राहून बोलण्यापेक्षा विषय आधी लेखी द्या आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत घ्या.

पाचवी पायरी: कुठलं दार ठोठवायचं?

नवखी माणसं इथे गोंधळतात, कारण एकाच घरासाठी चार खाती चार वेगळ्या गोष्टी करतात.

पुरातत्त्व खातं १९७८ च्या राज्य कायद्याखाली स्मारक संरक्षित करतं. त्या यादीत पन्नासहून अधिक स्मारकं आहेत, बहुतेक देवळं, चर्च, किल्ले, गुंफा. लेखकाचं राहतं घर या साच्यात सहज बसत नाही. बसलंच तर देखभाल सरकारकडे येते, पण कुटुंबाला खिडकी बदलायलाही परवानगी लागते. ही गोष्ट काकींसारख्या माणसाला आधी स्वच्छ सांगा. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात तर शंभर वर्षांची अट आणि राष्ट्रीय महत्त्व दोन्ही लागतं. त्याच्या मागे लागू नका.

नगर नियोजन खात्याकडे वारसा वास्तू म्हणून नोंद होऊ शकते. त्यातून पैसा मिळत नाही, पण शेजारी उंच इमारत येताना आणि घर पाडायची वेळ येताना ती नोंद आड येते. पैसा नसला तरी हे दार आधी ठोठवा.

कला आणि संस्कृती संचालनालय, संस्कृती भवन, पाटो. सांस्कृतिक संस्थांना राज्याचं अनुदान इथून मिळतं. योजनांच्या अटी आणि रकमा बदलत राहतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर अर्ज करू नका. माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून विचारा: गेल्या पाच वर्षांत वास्तू किंवा स्मारकासाठी कुणाला, कुठल्या योजनेतून, किती दिले आणि कोणत्या अटींवर? उत्तराची मुदत ३० दिवस. त्या यादीतल्या एखाद्या संस्थेला जाऊन भेटा. अख्ख्या वर्षात आम्हाला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला अशाच एका भेटीत, चहा घेता घेता मिळाला.

घरात संग्रहालय करायचं असेल तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना पाहा. तिथे भिंतींपेक्षा वस्तूंची यादी, मांडणी, प्रकाशयोजना, सुरक्षा यांचा विचार होतो आणि संस्थेला स्वतःचा वाटा घालावा लागतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीत देणगीदार ठराविक प्रकल्पासाठी पैसे देऊ शकतो, त्याला आयकरात पूर्ण सवलत मिळते. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, ऐतिहासिक वास्तूंचं जतन बसतं; २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांना विचारायला हरकत नाही. खासदार निधी खाजगी मिळकतीवर लागत नाही, पण घराकडे जाणारा सार्वजनिक रस्ता, दिवे, गटार यासाठी मागता येतो.

सहावी पायरी: अंदाजपत्रक

आमचं पहिलं अंदाजपत्रक ओळखीच्या ठेकेदाराने करून दिलं. त्यात बाहेरून सगळीकडे सिमेंटचा गिलावा होता. तेच मंजूर झालं असतं तर घराचं नुकसान सरकारी पैशाने झालं असतं.

मागच्या पडवीला पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी सिमेंट मारलं होतं. बोटाने टकटक केली तर पोकळ आवाज. एक पोपडा काढला तर आतला चिरा (जांभा दगड) ओलाकंच, नख लावलं की लाल माती सुटत होती. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतून ओल वर खेचतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. त्याच भिंतीला चार हातांवर जुना चुना होता, तिथे चिरा कोरडा. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून आम्ही दुसऱ्या अर्जाला जोडले. लांबलचक निबंधाने जे झालं नसतं ते त्या दोन फोटोंनी केलं.

तेव्हा जुन्या वास्तूंचं काम केलेला वास्तुविशारद गाठा. वारसा जतनाचं काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेची गोवा शाखा आहे, तिथे नावं विचारता येतात. आधी मोजमाप आणि घराच्या प्रकृतीचा अहवाल, मग अंदाजपत्रक. सरकारी खर्च बांधकाम खात्याच्या दरपत्रकाप्रमाणे चालतो, पण भिजवून मुरवलेला चुना, जुन्या मापाचा वासा, शिंपल्यांच्या खिडकीची दुरुस्ती असल्या बाबी दरपत्रकात नसतात. त्यांच्यासाठी दरविश्लेषण आणि तीन कोटेशनं जोडा, नाहीतर तपासणीत त्या ओळी कापल्या जातात आणि त्यांच्या जागी सिमेंट येतं.

काम टप्प्यांत पाडा: छप्पर, मग भिंती आणि पाण्याचा निचरा, मग वायरिंग, सगळ्यात शेवटी मांडणी. पहिल्या हप्त्यात छप्पर पुरं होईल असंच पाहा, पुढचा हप्ता कधी येईल सांगता येत नाही. काम ऑक्टोबर ते मेमध्येच होतं आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यामुळे अर्ज पावसाळ्यात तयार ठेवा. फेब्रुवारीत मंजुरी आली तर मार्चअखेरचं दडपण येतं, तेव्हा घाईने चुना मुरवू नका. मुदतवाढीचं पत्र लिहा.

सातवी पायरी: पैसे आल्यावर

वेगळं बँक खातं उघडा. कामाआधी, चालू असताना आणि नंतर, त्याच जागेवरून तेच फोटो काढा. रोजचं हजेरीपत्रक आणि मालाची नोंद ठेवा. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या. केंद्राच्या अनुदानाला ते ठराविक नमुन्यात लागतं आणि मागचं दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही, अगदी शिडीसुद्धा. खजिनदार म्हणून गावातला निवृत्त बँकवाला किंवा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

आणि घर उघडल्यावर

अनुदान बांधायला मिळतं, रोज झाडायला मिळत नाही. वीजबिल, राखणदाराचा पगार, दरवर्षी मिरगाआधीची कौलांची फेरी, याचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडा. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक कोकण मराठी साहित्य परिषद सांभाळते. गणपतीपुळ्याला जाल तेव्हा तिथे थांबा आणि रोजचं काम कसं चालतं ते विचारा. लोक कशासाठी पुन्हा येतात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरात लेखकाच्या खोलीत एक टेबल आहे, त्याच्या कडेला शाई सांडल्याचा काळा ओघळ आहे. शाळेची मुलं दुसरं काही बघत नाहीत, त्या डागावर बोट ठेवतात आणि विचारतात, इथेच बसून लिहायचे का? ते टेबल पॉलिश करायला निघालेल्या सुताराला काकींनीच थांबवलं.

ओसरीवर एक वही ठेवा, दोऱ्याला बांधलेल्या पेनासह. नाव, गाव, तारीख. पुढच्या प्रत्येक अर्जात 'वर्षाला किती लोक येतात' हा रकाना असतो आणि तिथे अंदाजाचा आकडा लिहून चालत नाही. आमची वही काकी सांभाळतात. कुणी नाव न लिहिता पायऱ्या उतरायला लागलं की त्या सोप्यावरूनच हाक मारतात.